अठरा इनिंग, पाच महिन्यांचं बाळ आणि एक शनिवार

15 ऑक्टोबर 2022 च्या शनिवारी अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये प्लेऑफच्या, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीच्या, चार मॅच होत्या. सिएटलच्या घड्याळाप्रमाणे पहिली सकाळी 11:07 ला फिलाडेल्फियात, दुसरी दुपारी 1:07 ला खुद्द सिएटलमध्ये, तिसरी 4:37 ला क्लीव्हलंडमध्ये आणि चौथी संध्याकाळी 6:37 ला सॅन डिएगोत. बेसबॉलचं वेड असलेल्या माणसाला असा दिवस वर्षातून एखादाच मिळतो. पण घरात पाच महिन्यांचं बाळ असेल तर?

घर ताईचं, सिएटलच्या उत्तरेला बॉथेलमध्ये. ताई, दाजी, त्यांची पाच महिन्यांची मुलगी, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेली आई, आणि शनिवार-रविवारला पोर्टलंडहून आलेला मी, म्हणजे मामा. मोठी माणसं चार आणि बाळ एक. ऐकायला सोपं वाटतं. त्या दिवशी ते का सोपं राहिलं नाही, आणि तरी का निभावलं, त्याचीच ही नोंद.

मॅचचं महत्त्व

सिएटल मरिनर्सने 2001 साली 116 मॅच जिंकल्या आणि त्यानंतर सलग 20 मोसमांत हा संघ प्लेऑफला पोचलाच नाही. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत एवढा लांबलेला दुष्काळ त्या वेळी दुसऱ्या कुठल्याच संघाच्या नशिबी नव्हता. 30 सप्टेंबर 2022 ला कॅल रॅलीने नवव्या, म्हणजे एरवी शेवटच्या, इनिंगमध्ये होम रन मारला (चेंडू थेट प्रेक्षकांत, षटकारासारखा) आणि तो दुष्काळ संपला. दाजी शिकायला इथे आले तेव्हापासून या हरणाऱ्या संघाचे भक्त. आता 21 वर्षांनी सिएटलमध्ये प्लेऑफची मॅच होणार होती आणि तीच शेवटची ठरण्याचीही शक्यता होती, कारण पाचातल्या तीन जिंकायच्या होत्या आणि पहिल्या दोन ह्यूस्टन ॲस्ट्रोजने जिंकल्या होत्या. त्यातल्या पहिल्या मॅचमध्ये तर यॉर्डान अल्वारेझने शेवटच्या क्षणी तीन धावांचा होम रन मारून सिएटलच्या तोंडचा घास काढून घेतला होता. दाजींचं जेवण त्या रात्री तसंच ताटात राहिलं, असं आई सांगते.

म्हणजे चार मॅच सारख्या मोलाच्या नव्हत्या. एक जिवाभावाची, बाकीच्या तीन सोबतीला. हे ताई-दाजींनी शुक्रवारी रात्रीच बोलून घेतलं होतं, आणि दिवस निभावण्यात निम्मा वाटा या बोलण्याचा आहे असं मला वाटतं. चारही मॅच सारख्याच जीव लावून बघायच्या ठरवल्या असत्या तर दुपारी चारपर्यंत घरात भांडण झालं असतं.

धूर

बाहेर जायचा प्रश्नच नव्हता. 10 सप्टेंबरपासून पूर्वेला स्कायकोमिश नदीच्या खोऱ्यात बोल्ट क्रीकचा वणवा धुमसत होता, पाऊस लांबला होता आणि त्या आठवड्यात धूर शहरावर येऊन बसला होता. एरवी ऑक्टोबरात इथे गरम कपडे निघतात, त्या वर्षी उन्हाळा हलायला तयार नव्हता. दोन वर्षांखालच्या मुलांना मास्क लावायचा नसतो, त्यामुळे बाबागाडी काढून फिरवून आणणं, हा रडणाऱ्या बाळावरचा सगळ्यात हुकमी उपाय, हातातून गेला. खिडक्या बंद. खोलीच्या कोपऱ्यात चौकोनी पंख्याला घर गरम करणाऱ्या यंत्राचा जाड फिल्टर चिकटपट्टीने बांधून तो घरघर चालवलेला.

यात आईचीही अडचण झाली. वसुबारस 21 तारखेला होती आणि तिला चकल्यांचा घाणा काढायचा होता. बंद घरात तळण म्हणजे आतूनही धूर, म्हणून ताईने नाही म्हटलं. मग पातळ पोहे भाजून चिवडा करायचं ठरलं. आईने ते मान्य केलं, पण "दिवाळीला तळण नाही, आणि दिवसभर टीव्ही मात्र चालतोय" हे वाक्य दिवसभरात अधूनमधून कानावर येत राहिलं.

आईची मॅच मात्र आधीच झाली होती. शुक्रवारची मध्यरात्र उलटून साडेबाराला, म्हणजे भारतात दुपारी एकला, सिल्हेटमध्ये महिलांच्या आशिया चषकाची फायनल सुरू झाली. नात दुधासाठी उठली, ताईने पाजलं, आणि मग ढेकर काढायला तिला खांद्यावर घेऊन आईने फोनवर आवाज बंद करून मॅच बघितली. श्रीलंकेच्या 20 षटकांत 65 धावा, भारताने 8.3 षटकांत काम संपवलं, स्मृती मानधना 25 चेंडूंत नाबाद 51. सांगलीच्या पोरीने सांगलीच्या आजीला रात्री जागवलं, याचं आईला सकाळीसुद्धा कौतुक होतं. पण याचा अर्थ असा की घरातलं सगळ्यात भरवशाचं माणूस दिवस सुरू व्हायच्या आधीच अर्धी झोप गमावून बसलं होतं. आजी घरात आहे म्हटल्यावर तिला न संपणारी राखीव फौज धरायची आपल्याकडे सवय आहे. दोन वाजता आई "मी पडते जरा" म्हणून खोलीत गेली ती चारनंतर बाहेर आली. ते योग्यच झालं.

बसायची व्यवस्था

अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संस्था सांगते की दीड वर्षाच्या आतल्या मुलांना पडदा दाखवू नये, घरच्यांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. ताईने हा नियम पक्का धरलेला. दाजी म्हणाले, पाठ करून बसवू. पण पाच महिन्यांचं बाळ वळतं, आणि हलणाऱ्या उजेडाकडे त्याची मान आपोआप जाते. शेवटी तिची चटई थेट टीव्हीच्या खालीच, भिंतीला लागून घातली. टीव्ही वर उंच, बाळ खाली, तोंड आमच्याकडे. तिला पडदा दिसेना आणि आम्हाला दोन्ही दिसू लागलं. तिच्या बाजूने बघितलं तर चार मोठी माणसं दिवसभर तिच्या डोक्यावरून कुठेतरी बघत मधूनच हातवारे करत होती. तिला ते पसंत पडलं असावं, कारण सकाळच्या खेळात ती बराच वेळ हसत होती.

फिलाडेल्फियाची मॅच ही रंगीत तालीम म्हणून उत्तम. फिलीज फक्त 87 मॅच जिंकून आलेले, समोर आदल्या वर्षीचे विजेते अटलांटा ब्रेव्ह्ज. ब्रँडन मार्शचा तीन धावांचा होम रन झाला, आणि मग तिसऱ्या इनिंगमध्ये कॅचर जे. टी. रियलम्युटोने मारलेला चेंडू भिंतीवर आपटून भलतीकडे उडाला आणि हा गडी धावत सुटला तो चारही बेस पार करूनच थांबला. चेंडू मैदानाबाहेर न जाता झालेला होम रन, तोही कॅचरचा. प्लेऑफच्या इतिहासात कॅचरकडून तसा तो पहिलाच. त्या वेळी ताई आतल्या खोलीत बाळाला झोपवत होती. दाजींनी ओरडायच्या ऐवजी तिला निरोप टाइप केला, आणि आतून फक्त एक अंगठा आला. घरात आरडाओरडा न करता बातमी कशी पोचवायची, हे तिथे ठरून गेलं. फिलीज 8–3 ने जिंकले.

अर्धी इनिंग हे माप

बाळाचा दिवस आणि खेळाचा दिवस एकमेकांत बसवताना लोक घड्याळ लावायला जातात. एक तास तू, एक तास मी. फुटबॉलला ते चालेल, बेसबॉलला नाही, कारण या खेळाला घड्याळच नाही. तीन गडी बाद होईपर्यंत एक बाजू फलंदाजी करते, मग दुसरी. पाहुणा संघ इनिंगच्या वरच्या अर्ध्यात, यजमान खालच्या अर्ध्यात. वरचा अर्धा भाग पाच मिनिटांत आटोपेल किंवा पाऊण तास चालेल. बाळाच्या वेळेचंही तसंच.

ताई-दाजींनी वाटणी केली ती या अर्ध्यांची. ॲस्ट्रोजची फलंदाजी असेल तेव्हा ताई बघणार आणि बाळ दाजींकडे. मरिनर्सची फलंदाजी आली की बाळ ताईकडे आणि दाजी सोफ्यावर. ही वाटणी आवडीनेच झाली होती. ताईला पिचिंग आवडतं, आणि त्या दिवशी सिएटलकडून जॉर्ज कर्बी हा पहिल्याच मोसमातला पिचर टाकत होता. दाजींना फटके बघायचे असतात. दोन अर्ध्यांच्या मधे जाहिरातींचा दोन-तीन मिनिटांचा अवकाश मिळतो. त्यात डायपर बदलून होतो, बाटली गरम होते, बाळाची हातबदली होते. दूध पाजणं त्यात मावत नाही, ते कुणाच्या तरी अर्ध्यात जाणारच.

आठ-नऊ इनिंग ही व्यवस्था तेल घातल्यासारखी चालली. कर्बीने सात इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही. पलीकडून लान्स मॅक्कलर्सने सहा इनिंग तेच केलं. 0–0.

दहाव्या इनिंगनंतर काय बिघडलं

साध्या मोसमात 2020 पासून दहावी इनिंग सुरू करताना दुसऱ्या बेसवर एक धावक आयता उभा करतात, म्हणजे मॅच लवकर निकालात निघते. प्लेऑफमध्ये तो नियम नाही. तिथे कोणीतरी खरोखर धाव करेपर्यंत खेळत राहायचं.

इथे त्या वाटणीतला एक दोष उघडा पडला, जो आधी कोणालाच दिसला नव्हता. नवव्या इनिंगनंतर बरोबरी असेल तर यजमानांची एकच धाव मॅच तिथल्या तिथे संपवते. पाहुण्यांनी धाव केली तर यजमानांना अजून खालचा अर्धा मिळतो. म्हणजे मॅच जिंकण्याचा क्षण आलाच तर तो फक्त खालच्या अर्ध्यात येणार, आणि खालचे सगळे अर्धे दाजींचे होते. ताईच्या वाट्याला आता फक्त हरण्याची भीती बघणं आणि जिंकण्याच्या वेळी पंख्याच्या घरघरीत बाळाला डोलवणं उरलं.

ताईने हे अकराव्या इनिंगच्या मधल्या जाहिरातीत नेमक्या शब्दांत मांडलं. "मी बघायची ती नुसती धाकधूक, आणि उड्या मारायच्या तू? उलट कर आता." दाजींनी एक इनिंग वाद घातला आणि मग अदलाबदल केली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली शिकण्यासारखी जागा हीच. वाटणी पहिल्यांदा करताना न्याय्य असली तरी खेळ बदलला की ती तशी राहत नाही, आणि ते आधी त्यालाच कळतं ज्याच्या हातात बाळ आहे.

या मधल्या काळात टीव्हीवर एक वेगळंच नाटक चाललं होतं. सिएटलच्या प्रेक्षकांनी नशीब फिरावं म्हणून डोक्यावर बूट ठेवले होते. त्या वर्षी तो तिथला टोटकाच होता. झोपून उठलेली आई बाहेर आली आणि हजारो माणसं डोक्यावर पादत्राण घेऊन उभी असलेली बघून दारातच थांबली. "डोक्यावर चपला? काय म्हणावं यांना!" दाजींचा हात स्वतःच्या बुटाकडे गेलेलाच होता, तो मागे आला. शेवटी तडजोड म्हणून भाचीचे लोकरीचे मोजे त्यांनी आपल्या टकलावर ठेवले. आईने त्यालाही मान हलवली, पण हसू लपवलं नाही.

सोफा

पाचच्या सुमाराची गोष्ट मी जरा विस्ताराने सांगतो, कारण खेळाच्या दिवशी खरा धोका तिथे असतो. भाची दुपारी नीट झोपली नव्हती. ती दाजींच्या छातीवर पेंगली. दाजी सोफ्यावर मागे रेललेले, खोली उबदार, पंख्याचा एकसुरी आवाज, आणि मैदानावर एकामागून एक बाद होणारे गडी. त्या मॅचमध्ये दोन्ही संघांचे मिळून 42 फलंदाज स्ट्राइकआऊट झाले, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद झाले, हा प्लेऑफचा विक्रम आहे. पुढेपुढे ते बघणं म्हणजे अंगाई ऐकण्यासारखंच झालं होतं. दाजींचेही डोळे मिटू लागले.

सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला अंगावर घेऊन मोठ्या माणसाला डुलकी लागणं हे लहान बाळासाठी फार धोक्याचं असतं. गाद्यांच्या फटीत किंवा अंगाखाली बाळाचा श्वास कोंडू शकतो. त्याच वर्षी जूनमध्ये बालरोगतज्ज्ञांनी सुरक्षित झोपेबद्दलचा सल्ला नव्याने दिला होता: पाठीवर, सपाट आणि टणक गादीवर, स्वतःच्या पाळण्यात. आई म्हणाली, "राहू दे गं, बापाच्या छातीवर किती छान झोपलीय." ताई काही न बोलता उठली, बाळाला उचललं आणि आत पाळण्यात ठेवून आली. बाळ जागं झालं, रडलं, पुन्हा झोपायला वेळ गेला, आणि त्या गडबडीत दोन अर्धे कोणीच नीट बघितले नाहीत. हा तोटा तिने डोळे उघडे ठेवून पत्करला. मी असतो तर आईचं ऐकलं असतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

सव्वासात

उशिरा झालेल्या त्या झोपेमुळे रात्रीची झोपायची वेळ पुढे सरकली, ती नेमकी सातनंतर. क्लीव्हलंडची मॅच कधीच सुरू झाली होती. सॅन डिएगोत पावसामुळे अर्ध्या तासाचा उशीर होऊन तिथला खेळही सुरू झाला. थोडा वेळ तिन्ही मॅच एकाच वेळी चालू होत्या, आणि सिएटलचा धावफलक अजूनही 0–0. सतरा इनिंग एकही धाव नाही, असं प्लेऑफमध्ये त्याआधी कधी घडलं नव्हतं. अठरा इनिंगपर्यंत गेलेल्या मॅच मात्र झाल्या होत्या: 2005, 2014 आणि 2018 साली एकेक.

नव्या वाटणीप्रमाणे वरचा अर्धा दाजींनी बघायचा होता, पण बाळाला झोपवायला ते तिला घेऊन अंधाऱ्या खोलीत गेले. एका कानात छोट्या ट्रान्झिस्टरची तार, 710 एएम, रिक रिझ यांचं समालोचन. बाहेर आम्ही इंटरनेटवरून येणारं चित्र बघत होतो, आणि ते चित्र हवेतल्या रेडिओपेक्षा बऱ्याच सेकंदांनी मागे असतं. त्यामुळे अठराव्या इनिंगमध्ये ॲस्ट्रोजच्या जेरेमी पेन्याने सिएटलच्या पेन मर्फीचा चेंडू प्रेक्षकांत भिरकावल्याचं घरात सर्वांत आधी कळलं ते दाजींना, खांद्यावर जेमतेम मिटू लागलेल्या डोळ्यांचं बाळ असताना. ते काही बोलू शकत नव्हते. खोलीत चकरा मारत राहिले. भिंतीच्या अलीकडे ताई अजून "एक आऊट काढ रे बाबा" म्हणत होती.

खालचा अर्धाही त्यांनी तसाच कानाने ऐकला. 1–0, 6 तास 22 मिनिटं, मोसम संपला. दाजी बाहेर आले तेव्हा बाळ झोपलं होतं. ताई म्हणाली, "तुला आधीच कळलं होतं ना?" ते "हं" म्हणाले आणि चिवड्याचा डबा घेऊन बसले.

यावरून रेडिओबद्दलचं माझं मत पक्कं झालं. बाळ सांभाळताना दिवसातला निम्मा खेळ तरी रेडिओवर ऐकावा. हात मोकळे, डोळे मोकळे, पडद्याचा प्रश्न नाही, आणि अंधारात बसूनही मॅच चुकत नाही. ज्या घरात आजी नाही, मामा नाही, एकटी आई किंवा एकटा बाप आहे, तिथे तर एक मॅच बघायची आणि बाकीच्या कानात ठेवायच्या, याहून वेगळा मार्ग मला दिसत नाही.

उरलेला दिवस

गंमत म्हणजे सगळ्यात निवांत बघितल्या गेल्या त्या सोबतीच्या मॅच. क्लीव्हलंडमध्ये गार्डियन्स नवव्या इनिंगमध्ये 5–3 ने मागे होते, ऑस्कर गोन्झालेझने दोन धावा आणणारा फटका मारला आणि यांकीज 6–5 ने हरले. दाजींनी तो बघून न बघितल्यासारखा केला. सॅन डिएगोत 111 मॅच जिंकलेले डॉजर्स 3–0 ने पुढे होते. सातव्या इनिंगमध्ये पाड्रेजने पाच धावा कुटल्या, शेवटच्या दोन जेक क्रोनेनवर्थच्या. ताई ते दूध काढायच्या पंपाला जोडलेली असताना बघत होती आणि एकटीच दबक्या आवाजात टाळ्या वाजवत होती. 101 विजयांचे ब्रेव्ह्ज आणि 111 विजयांचे डॉजर्स एकाच दिवशी घरी गेले, आणि आमच्या घरात त्याची दखल घ्यायला एवढी एकच व्यक्ती पुरेशी जागी होती.

पुढच्या मोसमापासून पिचरला वेळेचं बंधन आलं: बेस रिकामे असतील तर 15 सेकंद, धावक असेल तर 20 (2024 पासून ते 18 झालं). नऊ इनिंगची मॅच सरासरी तीन तासांवरून 2 तास 40 मिनिटांवर आली. दाजी खूश. ताईची तक्रार अशी की आधी दोन चेंडूंच्या मधे बाळाची ढेकर निघायची, आता तेवढाही वेळ मिळत नाही. पण प्लेऑफमध्ये दुसऱ्या बेसवरचा आयता धावक अजूनही नाही, त्यामुळे लांबायची ती मॅच लांबतेच.

10 ऑक्टोबर 2025 ला मरिनर्स आणि डेट्रॉइट टायगर्स यांची निर्णायक मॅच सिएटलमध्येच पंधरा इनिंग चालली. भाची तोवर साडेतीन वर्षांची होत आलेली. मॅच सुरू व्हायच्या आधीच ताईने बजावून ठेवलं होतं की दहावी इनिंग आली तर खालचे सगळे अर्धे तिचे. पंधराव्याच्या खालच्या अर्ध्यात होर्हे पोलांकोने विजयाचा फटका मारला, सिएटल 3–2 ने जिंकलं, तेव्हा दाजी पाणी मागायला उठलेल्या लेकीला पेला देत आतल्या खोलीत उभे होते.